रेझ्युमेतला 'मी' कुठे गेला?

गेले दोन शनिवार ऑफिससाठी रेझ्युमे चाळतोय. वडिलांचं नाव, लग्न झालंय की नाही, एकाने तर पासपोर्ट नंबरही टाकलाय (अरे बाबा, कुणी मागितला?). हे सगळं मी माफ करतो. माझा पहिला रेझ्युमे मीही एका सीनियरचा कॉपी केला होता, त्याच्या हॉबीजसकट!

पण प्रोजेक्टखाली दहा ओळी क्लायंटच्या धंद्याची माहिती, आणि स्वतः काय केलं? तर "टीमचा भाग होतो". याच कारणासाठी एका मुलाचा रेझ्युमे मी बाजूला टाकला. नंतर त्याच्याबरोबर काम केलेल्या मित्राकडून चहा पिताना कळलं, की रात्री चार तास चालणारा रिपोर्ट या पठ्ठ्याने एकट्याने, टेबलवर योग्य इंडेक्स टाकून, वीस मिनिटांवर आणला होता. रेझ्युमेत त्याचा पत्ताच नाही! स्किल्स मात्र सतरा, एमएस वर्ड धरून.

'मी केलं' म्हणायची आपल्याला लाज वाटते, घरचं वळणच तसं. पण ती एक ओळ त्या सतरा स्किल्सपेक्षा भारी होती. आधी काय होतं, मी काय केलं, नंतर काय झालं, बस्स.

सोमवारी त्याला फोन लावला. तो दुसरीकडे जॉइन झाला होता.