म्हणे इथे काहीच नव्हतं!

अमेरिकेत १८३८ साली चेरोकींना त्यांच्या गावांतून हाकललं, हे वाचून आपण हळहळतो. आणि वाशीच्या ऑफिसात बसून म्हणतो, "नवी मुंबईत पूर्वी काहीच नव्हतं यार!"

काहीच नव्हतं? मग वाशी, सानपाडा, कोपरखैरणे ही नावं काय सिडकोने ठेवली? आगरी-कोळ्यांची गावं होती ती. भातशेती, मिठागरं, खाडीतली मासेमारी. १९७० पासून अशा ९५ गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या. दि. बा. पाटलांच्या मागे रास्त मोबदल्यासाठी लोक रस्त्यावर उतरले, जानेवारी १९८४ मध्ये पोलीस गोळीबारात ५ जण गेले. तेव्हा कुठे साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायचं ठरलं.

सेक्टर आखीव आहेत, मान्य. पण काल आलेल्या आपण मूळ मालकांना 'गाववाले' म्हणून नाक मुरडावं, हे जरा अतीच होतं!