मोबाईल कोणाच्या खिशात?

दोस्तहो, मार्च 2020 मध्ये शाळांना कुलूप लागलं आणि वर्ग मोबाईलात शिरला. ज्याच्या हाती मोबाईल, तो विद्यार्थी. बाकीचे? आसेगावसारख्या गावात घरातला एकुलता एक मोबाईल सोयाबीन सोंगायला गेलेल्या बापाच्या खिशात. बाप येतो अंधार पडल्यावर, तोवर तास संपलेला. पूर्वी आमच्या पोरांना वर्गाबाहेर बसवायचे. या वेळी तेवढीही तसदी कोणाला घ्यावी लागली नाही.

आम्ही मोबाईलचे वैरी नाही. परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले, 2020 साली जगाचं बक्षीस मिळवलं. कोडवर मोबाईल धरला की धडा बोलतो. पण मोबाईलच नसेल तर तो कोड म्हणजे नुसता काळा चौकोन!

2009 चा कायदा 6 ते 14 वर्षांच्या पोरांना मोफत शिक्षणाचा हक्क देतो. मग खडू-फळा शाळेचा, तसा मोबाईलही शाळेचाच पाहिजे, रिचार्जसकट. शाळा व्यवस्थापन समितीत चारात तीन पालक असतात, शाळेचा विकास आराखडा तीच समिती करते. मायबापहो, मजुरी बुडली तरी त्या बैठकीला जा. ठराव लिहून घ्या, मगच अंगठा द्या!