ट्रंकेतली जयंती बाहेर काढा



गेल्या जयंतीच्या आठ-दहा दिवस आधी मी गावी, केनवडला, गेलो होतो. विहाराला रंग देण्याचे काम चालू होते. तिथेच एका काकूंनी मला बाजूला बोलावले. त्यांचे यजमान कालकथित होऊन बरीच वर्षे झाली. आमच्या गावच्या गायन पार्टीचे ते पेटीमास्तर. काकू म्हणाल्या, "बाबू, तुमी कागदपत्राचे मानसं. त्याईचा आवाज कोठी भेटीन का? घरी फोटो हाय, पन फोटो काई बोलत नाई. नातू इचारते, आजा कसा गात होता म्हून. मी काय सांगू त्याले?"

मी हो म्हणालो. हो म्हणणे सोपे होते. पुढे काय झाले ते आज सांगतो, कारण ही गोष्ट एकट्या केनवडची नाही. तुमच्या वस्तीतही ती घडलेली असणार.

रिसोड तालुक्यातले केनवड हे मालेगाव-मेहकर रस्त्यावरचे गाव. वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ ला झाला, त्याआधी आमचा जिल्हा अकोला. त्या काळात आमच्या वस्तीत एक गायन पार्टी होती. एक पेटी, एक ढोलक, एक बेंजो, खंजिरी आणि मागे कोरसला चार-सहा जण. दिवसा रोजमजुरी आणि रात्री विहारासमोर रियाज. शिकवायला गुरुजी नव्हते. दुसऱ्या गावच्या पार्ट्या ऐकून आणि टेपवर पुन्हा पुन्हा तेच गाणे लावून चाल बसवायची. जयंती, धम्मचक्र प्रवर्तन दिन, बारसे, पुण्यानुमोदन, काहीही असो, बोलावणे आले की पार्टी निघाली. बिदागी काय, तर जेवण आणि जाण्यायेण्याचे भाडे.

१९९६ च्या जयंतीला आमच्या लोकांनी हिंमत केली. लोकवर्गणी जमवून व्हिडिओ शूटिंगवाला आणला. मी तेव्हा सातवीत होतो. खांद्यावर मोठा कॅमेरा घेतलेला तो माणूस आणि त्याच्या मागे दिवा धरून पळणारा पोरगा, हे आम्हा पोरांना गाण्याहून मोठे नवल होते. नंतर भाड्याचा टीव्ही आणि व्हीसीआर आणून सगळ्या वस्तीने ती कॅसेट पाहिली. जो तो स्वतःचा चेहरा शोधत होता. मग कॅसेट कुणाच्या तरी घरी गेली आणि विषय संपला.

तीच कॅसेट मी शोधू लागलो. पहिल्या घरी सांगितले, "होती ना, पण पाहुण्यानं नेली." दुसऱ्या घरी पावसाळ्यात भिंत पडली तेव्हा सामानासोबत गेली म्हणाले. तिसऱ्या घरी कपड्यांच्या ट्रंकेत तळाशी पाच कॅसेटी निघाल्या. एकीवरही नाव नाही, तारीख नाही. दोन कॅसेटींना पांढरी बुरशी चढली होती, एकीची पट्टी तुटून बाहेर लोंबत होती. आता व्हीसीआर कुठला आणायचा? शेवटी अकोल्यात लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्या एका जुन्या माणसाकडे चालू मशीन निघाले. धड असलेल्या दोन कॅसेटी घेऊन गेलो.

पहिलीत हिंदी सिनेमा निघाला. दुसरीत लग्न. आमच्याच वस्तीतले, जयंतीनंतर दोन वर्षांनी झालेले. मी ओळखले आणि काय घडले ते समजलो. घरात लग्न निघाले, नवी कॅसेट घ्यायला पैसे कमी पडले, तर ट्रंकेतली जुनी शूटिंगवाल्याच्या हातात दिली. त्या घराला मी दोष देत नाही. त्यांच्यापुढे पोरीचे लग्न होते आणि जयंती तर दरवर्षी येते, असेच आपण सगळे समजत होतो.

मी उठणार होतो, पण दुकानदार म्हणाला, "साहेब, शेवटपर्यंत चालवू. नवी शूटिंग जुनीपेक्षा छोटी असली तर शेपूट शिल्लक राहते." तसेच झाले. वरात संपली, पडद्यावर मुंग्या आल्या आणि एकदम निळा झेंडा, मंडप आणि आमची पार्टी! तीन तासांच्या कार्यक्रमातली फक्त अकरा मिनिटे उरली होती.

त्या अकरा मिनिटांतली साडेचार मिनिटे हारतुऱ्यांची. कॅमेरा खुर्च्यांवर बसलेल्या पाहुण्यांवरून हलत नाही. मागे पार्टी गात असते आणि पडद्यावर पुढारी हार गळ्यातून काढून टेबलावर ठेवत असतात. उरलेल्या वेळात एक गाणे आहे. पेटीमास्तर कडेला दिसतात, डोळे मिटलेले, मान ढोलकाच्या ठेक्यावर. मुख्य गायक दुसराच आहे, मास्तर कोरसमध्ये आहेत. आणि ज्या आया-बहिणींनी दुपारी बाबासाहेबांचा पाळणा म्हटला, त्यांचा एकही आवाज कुठे नाही, कारण शूटिंगवाल्याला बोलावलेच होते संध्याकाळचे.

ते मोबाइलमध्ये भरून काकूंना दाखवले. आधी त्या म्हणाल्या, "हा सदरा म्या धुतला होता." मग फोन कानाला लावला आणि चित्र न पाहता तेच गाणे तीन वेळा ऐकले. कोरसमधून त्यांनी आवाज वेगळा काढला. "हा पाह्य, तिसरा. हा त्याईचा." मला तो वेगळा ऐकू येत नव्हता. त्यांना येत होता.

बंधू-भगिनींनो, आपला इतिहास पुस्तकात थोडा आणि गळ्यात जास्त आहे. ज्यांना शाळा मिळाली नाही त्यांच्यापर्यंत बाबासाहेबांचा विचार गाण्याने पोचला. १९३० च्या दशकात भीमराव कर्डक यांनी जलशांतून गावोगाव प्रबोधन केले. त्या जलशांचा आवाज आज आपल्याला ऐकायला मिळत नाही. कर्डकांनी पुढे स्वतः पुस्तक लिहून ठेवले, म्हणून निदान जलसे कसे होत ते कळते. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक (१९२२-२००४) आयुष्यभर खेडोपाडी फिरले, हजारो गीते लिहिली आणि गायली. ज्या गावात ते एक रात्र गाऊन गेले, तिथल्या एखाद्या घरी त्या रात्रीची टेप पडलेली असेल की नाही? असेल, पण वर नाव नसेल.

जपले की काय होते, याचीही उदाहरणे आहेत. मुंबईचे शाहीर विलास घोगरे यांना आनंद पटवर्धन यांनी 'हमारा शहर' (१९८५) या माहितीपटासाठी गाताना चित्रित केले होते. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात गोळीबार होऊन आपली दहा माणसे गेली. त्या दुःखात चार दिवसांनी घोगरे यांनी आपले जीवन संपवले. पण ते चित्रण हाताशी होते. पुढे चौदा वर्षे काम करून पटवर्धन यांनी 'जय भीम कॉम्रेड' पूर्ण केला. त्यात घोगरे गाताना दिसतात आणि जे त्यांना कधी भेटले नाहीत ती पोरेही आज त्यांना ओळखतात.

दुसरे उदाहरण बायांचे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यात बाबासाहेबांवरच्या ओव्याही आहेत. आमच्या केनवडची शूटिंग झाली त्याच वर्षी, १९९६ मध्ये, बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरात आपल्या आया-बहिणींच्या ओव्या टेप झाल्या. गाणारीचे नाव आणि गाव लिहून ठेवले होते. म्हणून २०१७ पासून 'पारी' या संस्थेने त्या ओव्या लोकांपुढे आणल्या आणि गाणाऱ्या बाया एकवीस वर्षांनी पुन्हा शोधून काढता आल्या. वर्ष तेच, साधन तेच टेपचे. माजलगावात नाव लिहिले, आम्ही लिहिले नाही. एवढाच फरक.

आपणच अडाणी म्हणून हे घडले, असे मनात आणू नका. इंग्लंडच्या बीबीसीनेही १९६० आणि १९७० च्या दशकांत आपल्या कार्यक्रमांच्या टेपा पुसून पुन्हा वापरल्या. टेप महाग आणि ठेवायला जागा कमी, कारण तेच. 'डॉक्टर हू' नावाच्या त्यांच्या गाजलेल्या मालिकेचे पुष्कळ भाग असे गेले. त्यातले नऊ भाग २०१३ साली थेट आफ्रिकेतल्या नायजेरियात सापडले. आणि जे भाग चित्ररूपात गेले त्यांचा आवाज मात्र वाचला, कारण साध्या घरांतल्या पोरांनी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून तो भरून घेतला होता. मोठ्या संस्थेने पुसले, साध्या घरांनी जपले. हे आपल्यालाही जमेल.

पण वेळ थोडा आहे. व्हीएचएस कॅसेटमध्ये अर्धा इंच रुंदीची पट्टी असते, तीन तासांच्या कॅसेटमध्ये सुमारे अडीचशे मीटर. त्या प्लास्टिकवर चुंबकीय भुकटीचा थर चिकटवलेला असतो. दमट हवेने तो चिकटवणारा पदार्थ बिघडतो, थर सुटू लागतो, बुरशी धरते. युनेस्कोने आणि ध्वनिसंग्रहालयांच्या जागतिक संघटनेने २०१९ साली इशारा दिला होता, की २०२५ पर्यंत ज्या टेपा संगणकात उतरवल्या जाणार नाहीत त्या बहुतेक कायमच्या जातील. कारण पट्टी टिकली तरी ती वाजवणारे मशीन राहत नाही. जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणे थांबवले. ती शेवटची कंपनी होती. आता जी मशीन आहेत ती जुनी आणि दुरुस्त करणारे हात म्हातारे.

मी नोकरीने कारकून. ज्या फायलीवर विषय आणि तारीख नाही ती फाईल हरवलेलीच समजा, हे मला रोजच्या कामाने शिकवले. म्हणून काही सूचना करतो.

१) या आठवड्यात घरातली ट्रंक, माळा, कोठी पाहा. कॅसेट दिसली की आधी तिच्या कडेची छोटी प्लास्टिकची खुंटी मोडा. ती मोडली की व्हीसीआर त्या कॅसेटवर नवे काही भरत नाही. आमच्या कॅसेटची ती खुंटी १९९६ लाच मोडली असती तर तीन तास वाचले असते.

२) बुरशी दिसली तर कॅसेट मशीनमध्ये घालून पाहू नका. पट्टी तुटेल आणि मशीनही खराब होईल. जाणकाराकडून आधी साफ करून घ्या. बाकीच्या कॅसेटी पुस्तकासारख्या उभ्या ठेवा, कोरड्या जागी, चुलीपासून आणि उन्हापासून दूर.

३) लग्न, सिनेमा, काहीही निघाले तरी कॅसेट शेवटपर्यंत चालवा. आमची अकरा मिनिटे शेवटीच सापडली.

४) संगणकात उतरवून घेतले की एकच प्रत ठेवू नका. एक घरी, एक विहारात, एक दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे. मोबाइल हरवतो, पेनड्राइव्ह बिघडतो.

५) विहारात एक वही ठेवा. तारीख, गाव, प्रसंग, कोण गाते, पेटीवर कोण, ढोलकावर कोण, कॅसेट कुणाच्या घरची, हे लिहा. आणि नुसते पुरुषांचे नाही, पाळणा म्हणणाऱ्या बायांचेही.

६) ज्यांची कॅसेट कधी झालीच नाही, पण जे हयात आहेत, त्यांच्यापुढे आज मोबाइल ठेवा. पंखा बंद करा, बाजूला बसा आणि त्यांना गाऊ द्या. मध्ये बोलू नका.

खर्च येतो, हे खरे. पण जयंतीच्या डीजेपुढे हा खर्च काहीच नाही. वर्गणीच्या पावत्यांत यंदापासून एक बाब घाला, 'जुन्या कॅसेटी'. आमच्या गावी मी हा विषय बैठकीत मांडला. काहींनी हसून सोडून दिले, पण तीन तरुणांनी घरोघरी विचारायचे काम अंगावर घेतले आहे. आणखी चार कॅसेटी जमल्या. त्यांत काय आहे ते अजून पाहायचे आहे.

जाता जाता एक सांगतो. त्या अकरा मिनिटांत पार्टीचे नऊ चेहरे दिसतात. म्हाताऱ्या माणसांना बसवून आम्ही नावे लिहून घेतली. सात नावे लागली. खंजिरीवाला आणि त्याच्या मागे टाळी देणारा, या दोघांचे नाव गावात कुणालाच सांगता आले नाही. पाहुणे असतील, दुसऱ्या गावाहून आलेले असतील. वहीत त्या दोन ओळी मी कोऱ्या ठेवल्या आहेत. १९९६ च्या जयंतीला केनवडला गायला आपल्या घरचे कुणी गेले होते का, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना जरूर विचारा.

जयभीम!