पडद्यावरची प्रयोगशाळा

कर्जतजवळच्या दहिवलीला उल्हास नदीचा काठ लाभला आहे. याच तालुक्यात भिवपुरी येथे टाटांचे जलविद्युत केंद्र १९२२ पासून उभे आहे. शेजारच्या खालापूर तालुक्यातील खोपोलीचे केंद्र तर १९१५ चे. सह्याद्रीच्या माथ्यावर अडवलेले पाणी नळांतून पायथ्याशी झेपावते, चक्रे फिरवते आणि वीज जन्माला येते. भिवपुरीचे तेच पाणी पुढे पेज नदीतून शेतीला मिळते. ऊर्जेच्या रूपांतराचा धडा येथे डोंगरानेच लिहून ठेवला आहे. तरीही तो घोकून उत्तरपत्रिकेत उतरवण्याची सवय सुटत नाही, हे दुर्दैव होय.

अशा वेळी संगणकावरील सिम्युलेशनचे महत्त्व ध्यानी येते. नोबेलविजेते कार्ल वायमन यांनी २००२ साली कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेल्या ‘फेट’ प्रकल्पातील अनेक प्रयोग आज मराठीत विनामूल्य उपलब्ध आहेत. सी-डॅक आणि अमृता विद्यापीठ यांनी शालेय विद्यार्थ्यांसाठी ‘ओलॅब्ज’ उभारले. पडद्यावर बॅटरी आणि दिवा जोडताच तारेतून सरकणारे इलेक्ट्रॉन दिसतात. खऱ्या तारेत ते कोणाच्याच दृष्टीस पडत नाहीत. कोलोरॅडोतच झालेल्या आणि २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सिम्युलेशनवर शिकलेल्या विद्यार्थ्यांनी खरी मंडले जोडण्यात व त्यांचे स्पष्टीकरण देण्यातही प्रत्यक्ष साहित्यावर शिकलेल्यांना मागे टाकले.

मात्र यावरून शाळेच्या प्रयोगशाळेला टाळे ठोकावे, असा अर्थ कोणी काढू नये. त्या विद्यार्थ्यांची कसोटी अखेर खऱ्या तारांवरच लागली होती! खरा दिवा पेटला नाही की सैल जोड शोधावा लागतो, आणि तो शोध म्हणजेच विज्ञान. जगदीशचंद्र बसूंनी कोलकात्यात स्थानिक कारागिराच्या हातून उपकरणे घडवून घेतली आणि विद्युतचुंबकीय लहरींवरील संशोधनाने जगाला थक्क केले. साधनांची चणभास त्यांच्या जिज्ञासेच्या आड आली नाही.

म्हणून महागडा फलक भिंतीवर लागला की शाळा ‘डिजिटल’ झाली, या समाधानात रमणे घातक आहे. फलक धूळ खात पडला, तर दोष यंत्राचा नसतो. शिक्षकाच्या प्रशिक्षणाकडे झालेल्या दुर्लक्षाचा असतो. ‘आता काय होईल?’ हा प्रश्न शिक्षकाने आधी विचारावा, मग पडद्यावर पडताळा घ्यावा, नंतर हाताने प्रयोग करवावा आणि शेवटी मुलांना गावाबाहेर न्यावे. बोरघाटाच्या सदतीसास एक या चढावर गाडीला कर्जतहून मागे जादा इंजिन का जोडतात, हे पडद्यावरच्या उतारावर समजलेले मूल स्थानकात उभे राहून सांगेल, तेव्हाच त्याचे शिक्षण झाले असे म्हणता येईल.

गावोगावचे सुशिक्षित पालक, निवृत्त अभियंते आणि माजी विद्यार्थी यांनी महिन्यातून एक दिवस आपल्या शाळेसाठी दिला, तरी हे साधेल. पडदा न दिसणारे दाखवो. जे डोळ्यांसमोर आहे, ते पाहायला शिकवण्याचे दायित्व समाजाचेच आहे.