गुणतक्ता खालून वाचताना

एखाद्या घटनेला ‘परीकथा’ म्हटले की तिची कारणे शोधण्याची गरज उरत नाही. परीकथेत वर असतात, शाप असतात, आणि अखेरीस दुबळ्याची सरशी होते. ती का झाली असे कोणी विचारत नाही. म्हणून वर्तमानपत्रे जेव्हा एखाद्या विजयाला परीकथा ठरवतात, तेव्हा निदान साहित्याच्या अभ्यासकांनी तरी थोडे सावध व्हावे असे मला वाटते. कथाप्रकाराचे नाव हे साधे विशेषण नसते. त्या नावाबरोबर घटनेकडे पाहण्याची एक रीतही आपण स्वीकारत असतो, आणि त्या रीतीत काही गोष्टी दिसतात, काही झाकल्या जातात.

आय-लीग या भारतीय फुटबॉल स्पर्धेचा २०१६-१७ चा हंगाम हे याचे ठळक उदाहरण आहे. ३० एप्रिल २०१७ रोजी शिलाँगमध्ये ऐझॉल फुटबॉल क्लबने शिलाँग लाजाँगशी १-१ अशी बरोबरी केली आणि विजेतेपद मिळवले. अठरा सामन्यांत ऐझॉलचे ३७ गुण झाले, मोहन बागानचे ३६. ईशान्य भारतातील संघ देशाचा विजेता होण्याची ती पहिलीच वेळ होती. आदल्याच वर्षी इंग्लंडमध्ये लेस्टर सिटीने अनपेक्षित विजेतेपद पटकावले होते, त्यामुळे ‘भारताचे लेस्टर’ हे बिरुदही लगेच तयार झाले. मोठ्या शहरांतील धनाढ्य संघांना डोंगरातल्या एका छोट्या राज्याच्या संघाने हरवले, ही कथा सर्वांना आवडली. ती आवडण्याजोगी होतीच. प्रश्न आहे तो तिने काय झाकले याचा.

ही कथा गुणतक्ता वरून वाचते. तोच तक्ता खालून वाचला तर निराळेच कथानक हाती लागते, आणि ते बहुतांशी महाराष्ट्राचे आणि गोव्याचे आहे. दहा संघांच्या त्या तक्त्यात शेवटच्या स्थानावर मुंबई एफसी होता. कूपरेजच्या मैदानावर खेळणारा हा संघ २००८-०९ पासून सलग नऊ हंगाम देशाच्या सर्वोच्च स्पर्धेत टिकून होता. विजेतेपदाच्या जवळपास तो क्वचितच गेला असेल. पण खालच्या विभागात घसरण्याचे संकट तो दरवर्षी टाळत आला होता. यांपैकी २००९ ते २०१६ या सात हंगामांत त्याचे प्रशिक्षक होते खालिद जमील. २०१६ मध्ये मुंबईने त्यांना निरोप दिला. ते ऐझॉलला गेले, आणि पुढच्याच हंगामात त्यांचा नवा संघ तक्त्याच्या शिखरावर व जुना संघ तळाशी होता. जयेश राणे, आशुतोष मेहता असे पूर्वी मुंबई एफसीकडून खेळलेले खेळाडूही ऐझॉलच्या त्या विजयी संघात होते. परीकथेचा नायक मुंबईच्या मैदानांवर घडला होता, ही गोष्ट परीकथेला सोयीची नव्हती. तिला डोंगरातून अकस्मात अवतरलेला नायक हवा होता. हेच खालिद जमील ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले, तेव्हाही त्यांची ओळख प्रामुख्याने त्या एका विजयावरूनच करून देण्यात आली. मुंबईतील सात वर्षांचे चिवट, न गाजलेले काम मागेच राहिले.

याहून महत्त्वाची बाब एक वर्ष मागे आहे. ऐझॉलचा आय-लीगमधील पहिला हंगाम २०१५-१६ चा. नऊ संघांत तो आठवा आला. नववा, म्हणजे शेवटचा, होता पुण्याचा डीएसके शिवाजियन्स. खेळाच्या साध्या न्यायाने पुण्याचा संघ खाली जायला हवा होता. परंतु तो उद्योगसमूहाच्या बळावर थेट प्रवेश मिळवून आलेला असल्याने त्याला घसरणीपासून संरक्षण होते. परिणामी आठवा आलेला ऐझॉल खालच्या विभागात ढकलला गेला. म्हणजे ज्या वर्षी ऐझॉल जिंकला, त्या वर्षी तो त्या स्पर्धेत असण्याचेच कारण नव्हते. तो परत आला, कारण २०१६ मध्ये साळगावकर, स्पोर्टिंग क्लब डी गोवा आणि धेंपो या गोव्यातील तीन संघांनी आय-लीगकडे पाठ फिरवली. रिकाम्या झालेल्या जागा भरायच्या होत्या, म्हणून ऐझॉलला बोलावणे आले.

या तिघांचे जाणे किती मोठे होते हे कळण्यासाठी एकच गोष्ट पुरेशी आहे. २००७-०८ मध्ये आय-लीग सुरू झाल्यापासूनची पहिली सहाही विजेतेपदे गोव्यातील संघांनी जिंकली होती : धेंपोने तीन, चर्चिल ब्रदर्सने दोन आणि साळगावकरने एक. अशा परंपरेतले क्लब हरल्यामुळे स्पर्धा सोडत नव्हते. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने भविष्याचा जो आराखडा मांडला होता, त्यात २०१४ मध्ये सुरू झालेली इंडियन सुपर लीग सर्वोच्च होणार होती आणि आय-लीग दुय्यम. वर जाण्याचा मार्ग खेळाच्या मैदानातून जाणार नव्हता. जिंकूनही जिथे आहोत तिथेच राहायचे असेल तर खेळायचे कशासाठी, हा त्यांचा प्रश्न होता.

पुढच्या वर्षी तोच प्रश्न विजेत्यापुढे उभा राहिला. ऐझॉलने सुपर लीगमध्ये स्थान मागितले, उपोषणाचा इशाराही दिला. स्थान मिळाले नाही. त्याच वर्षी चौथ्या क्रमांकावरील बंगळुरू एफसी मात्र स्वतंत्र बोली लावून सुपर लीगमध्ये गेला. शेवटचा आलेला मुंबई एफसी खालच्या विभागात गेला आणि आय-लीगमध्ये पुन्हा दिसला नाही. डीएसके शिवाजियन्सनेही २०१७ मध्येच माघार घेतली. पहिला जागेवर राहिला, चौथा वर गेला, शेवटचा नाहीसा झाला. लोककथेत पण जिंकणाऱ्याला निदान अर्धे राज्य तरी मिळते. इथे विजेत्याच्या पदरी पडले ते कौतुक. मग या हंगामाला परीकथा म्हणण्यात कोणाची सोय होती? ज्यांनी हा तक्ता निरर्थक केला, त्यांची. विजयाचा चमत्कार झाला म्हटले की नियम कोणी केले हे विचारायला जागा राहत नाही.

तुलनेसाठी एका परक्या हंगामाकडे पाहू. समाजवादी पूर्व जर्मनीची सर्वोच्च फुटबॉल स्पर्धा, ओबरलीगा, १९९०-९१ मध्ये शेवटची खेळली गेली. हंगाम चालू असतानाच, ३ ऑक्टोबर १९९० रोजी, तो देशच नकाशावरून नाहीसा झाला. स्पर्धा मात्र पुढच्या उन्हाळ्यापर्यंत चालू राहिली, कारण तिच्यावर चौदा संघांचे भवितव्य ठरणार होते. पहिले दोन संघ एकत्रित जर्मनीच्या बुंडेसलीगात जाणार, त्यांच्या खालचे चार दुसऱ्या विभागात, आणि सातव्या ते बाराव्या क्रमांकाच्या संघांना दुसऱ्या विभागातील उरलेल्या दोन जागांसाठी आणखी एक फेरी खेळावी लागणार, असे ठरले होते. हान्सा रोस्टॉकने आपले पहिलेच विजेतेपद मिळवले, डायनॅमो ड्रेस्डेन दुसरा आला. १९७९ ते १९८८ अशी सलग दहा वर्षे विजेता राहिलेला आणि गुप्तहेर खात्याच्या मंत्र्याच्या आश्रयामुळे कुप्रसिद्ध झालेला बर्लिनचा डायनॅमो क्लब तोवर नाव बदलून एफसी बर्लिन झाला होता. तो अकरावा आला आणि वरच्या दोन्ही विभागांबाहेर राहिला.

हे विलीनीकरण न्याय्य होते असे मला म्हणायचे नाही. वीस संघांच्या विस्तारित बुंडेसलीगात पूर्वेला केवळ दोन जागा मिळाल्या. मत्थियास सामरसारखे उत्तम खेळाडू तो हंगाम सुरू होण्याआधीच पश्चिमेत गेले होते. रोस्टॉक तर एकाच वर्षात बुंडेसलीगातून खाली आला. अटी बलवंताने घातल्या होत्या, पण त्या आधी जाहीर झाल्या होत्या आणि पाळल्या गेल्या. सत्तेचा आश्रय गमावलेल्या क्लबलाही तक्त्यापुढे मान तुकवावी लागली. ज्या देशात सामन्यांच्या निकालांवर सत्तेची छाया असल्याचा संशय वर्षानुवर्षे घेतला गेला, तिथे शेवटच्या हंगामात तक्त्याला अर्थ आला. आणि लोकशाही व मुक्त बाजाराचा अभिमान बाळगणाऱ्या आपल्या देशात, २०१७ मध्ये, तक्त्याचा अर्थ काढून घेतला गेला.

यावर एक आक्षेप संभवतो आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. जुनी व्यवस्था तरी कुठे निकोप होती? राष्ट्रीय लीगचे २००५-०६ चे विजेतेपद मिळवणारा मुंबईचा महिंद्र युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. १९९६-९७ मधील पहिली राष्ट्रीय लीग जिंकणारा पंजाबचा जेसीटी २०११ मध्ये बंद झाला. सुपर लीग तेव्हा जन्मालाही आली नव्हती. कंपनीच्या कृपेवर चालणारा संघ कंपनीच्या एका निर्णयाने संपतो, मग त्याला क्लब म्हणा की आणखी काही. शिवाय सुपर लीगने खेळाडूंना चांगला मोबदला आणि नवा प्रेक्षक मिळवून दिला, हेही नाकारण्यात अर्थ नाही. हे सारे मान्य करूनही एक फरक शिल्लक राहतो. जुन्या व्यवस्थेत संघ मरत असत. नव्या व्यवस्थेत, बराच काळ, संघांना वर येऊन जन्म घेण्याची वाटच नव्हती. आय-लीग विजेत्याला बढती देण्याचा नियम प्रत्यक्षात आला तो २०२२-२३ च्या हंगामापासून, म्हणजे ऐझॉलनंतर सहा वर्षांनी. वरून खाली घसरण्याची तरतूद तर २०२४-२५ पर्यंत एकाही हंगामात अमलात आली नाही. आणि बंद दारामागे स्थैर्य असते हा समजही जुलै २०२५ मध्ये डळमळला, कारण महासंघ आणि त्याचा व्यापारी भागीदार यांच्यातील कराराचा प्रश्न सुटत नाही म्हणून सुपर लीगचा पुढचा हंगामच अनिश्चित काळासाठी थांबवण्यात आला.

हा प्रश्न फुटबॉलपुरता आहे असे मानण्याचे कारण नाही. ठाणे जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, सिद्धगडाच्या पायथ्याशी, मुरबाड-शहापूरच्या गावांत फुटबॉल फारसा दिसत नाही. तिथला खेळ कबड्डीचा. भात कापून झाले की मैदाने आखली जातात आणि संघ गावाच्या किंवा ग्रामदैवताच्या नावाने उतरतात. २०१४ मध्ये प्रो-कबड्डी सुरू झाली तेव्हा अशा मातीतल्या मुलांना मोठी संधी मिळाली आणि ती स्वागतार्हच आहे. पण त्या रचनेत वर जातो तो एकटा खेळाडू. बोली त्याच्यावर लागते. त्याचा संघ, त्या संघाचे नाव, त्याला घडवणारा गावचा प्रशिक्षक यांना वर जाण्याची वाट कागदावरही नाही. ऐझॉलचे वेगळेपण होते ते इथे. तिथे एक आख्खे गाव, आपल्या नावासकट, वर चढले होते. ते पाहून कोणत्याही तालुक्याला ‘आपलेही होऊ शकेल’ असे वाटावे, एवढी ती गोष्ट खरी होती. परीकथा म्हटल्याने ती ‘एकदाच होणारी’ झाली, आणि जे एकदाच होते त्यासाठी नियम बदलावे लागत नाहीत.

साहित्याच्या वर्गात आपण विद्यार्थ्यांना निवेदक कोण आहे, काय सांगतो आणि काय गाळतो हे विचारायला शिकवतो. ही सवय कादंबरीपुरती ठेवण्याची गरज नाही. गुणतक्ता ही देखील एक संहिता आहे, आणि तिच्याभोवती रचलेली कथा हे तिचे एक वाचन आहे. मुंबई एफसीच्या नऊ हंगामांविषयी मराठीत काही गंभीर लेखन माझ्या पाहण्यात आलेले नाही. ऐझॉलच्या एका हंगामाविषयी पुष्कळ आहे. विजयाचे कौतुक करण्यास हरकत नाही. पण जो संघ दरवर्षी घसरण टाळत जगला, आणि ज्याचे घसरणे कोणाच्या लक्षातही आले नाही, त्याची हकीकत लिहिली गेल्याशिवाय त्या विजयाचा अर्थ पूर्ण होणार नाही. शेवटच्या क्रमांकाला परिणाम असतो म्हणूनच पहिल्या क्रमांकाला किंमत असते. तो परिणाम काहींना लागू आणि काहींना माफ असेल, तर पहिला क्रमांकही शोभेचा उरतो. २०१६-१७ च्या तक्त्याने हे स्पष्ट सांगितले होते. आपण तो खालून वाचला नाही, एवढेच.