न हलणाऱ्या हातावरील घड्याळ

‘स्वयंचलित’ या सामासिक शब्दाचा विग्रह केला तर स्वतःच्या बळानें चालणारें असा अर्थ निघतो. परंतु ज्या मनगटी घड्याळांस हें नांव पडलें आहे, तीं वास्तविक परचलित होत. त्यांच्या पोटांत अर्धचंद्राकृति धातूचें एक वजन असतें. हात हलला कीं तें फिरतें, त्या योगें कमान गुंडाळली जाते आणि ती उलगडतांना कांटे चालतात. या योजनेबद्दल जॉन हार्वुड या इंग्रज घड्याळजीस १९२४ सालीं स्विस पेटंट मिळालें. पुढें १९३१ मध्यें रोलेक्सनें पुरा फेरा घेणारें वजन बसविलें. आपल्याकडील एच. एम. टी.चीं अशीं घड्याळें अद्यापि पुष्कळ घरांत आहेत.

कमान पुरी भरली असतां घड्याळ साधारणतः चाळीस तास चालतें. परंतु घरांतील वडील माणूस दिवसाचा बहुतेक वेळ आरामखुर्चींत वाचीत बसला, तर कमान भरणार कशी? मग रात्रीं घड्याळ थांबतें, सकाळच्या औषधाची वेळ टळते, आणि मंडळी दोष देतात तो वडिलांच्या विसरभोळेपणास! दोष ना त्यांचा, ना घड्याळाचा.

उपाय सोपा आहे. रोज सकाळीं घड्याळ हातांतून काढून, किल्ली बाहेर न ओढतां, तिला सावकाश वीस-तीस वेढे द्यावे. अधिक वेढ्यांनीं कमान तुटेल हें भय बाळगूं नये. ती भरली कीं तिचें बाहेरचें टोंक घसरतें. किल्ली आट्यांची असल्यास आधीं सैल करावी व मागाहून घट्ट बसवावी, नाहींतर पाणी शिरतें. कांहीं घड्याळें किल्ली घेतच नाहींत. तीं आडवीं धरून हलक्या हातानें गोल फिरवावींत. रात्रीं नऊपासून पहांटे तीनपर्यंत तारीख बदलूं नये, कारण त्या वेळीं तारखेचीं चाकें एकमेकांत गुंतलेलीं असतात. लोहचुंबक असलेल्या वस्तूंपाशीं घड्याळ ठेवूं नये. आंतील तेल कालांतरानें सुकतें; म्हणून घड्याळ चालत असलें तरी चार-पांच वर्षांनीं तें घड्याळजीस दाखवावें.

किल्ली देण्याचें काम घरांतील एखाद्या नातवाकडे सोंपवावें. मात्र तेवढ्यावर न थांबतां सायंकाळीं त्यानें आजोबांस थोडें फिरावयासहि न्यावें. घड्याळास लागते ती हालचाल आजोबांसहि हवीच असते.