व्हिक्टोरियाचे चार तास

दोन वर्षांपूर्वी आम्ही उभयता सिएटलला लेकीकडे गेलो होतो. जावयांनी अलास्काच्या सात दिवसांच्या जलप्रवासाची तिकिटे काढली होती. बंदरावरच्या बाईंनी आमचे पासपोर्ट चाळले, दहा वर्षांचा अमेरिकन व्हिसा पाहिला आणि विचारले, 'कॅनडाचा कुठे आहे?' तो नव्हता. जहाजावरून उतरणारच नाही, असे सांगून पाहिले. उपयोग झाला नाही. आमच्या आग्रहाखातर मुले पुढे गेली, आम्ही बॅगा घेऊन टॅक्सीत बसलो. पैसे बुडाले ते वेगळेच.

सिएटल अमेरिकेत, अलास्काही अमेरिकेत. मग कॅनडा मध्येच कुठून आला? परतीच्या वाटेवर जहाज व्हिक्टोरियाला संध्याकाळी चारेक तास थांबते. पर्यटकांना बागा दाखवायला थांबत असेल, असा आमचा भाबडा समज होता. खरे कारण १८८६ सालचा एक अमेरिकन कायदा आहे. अमेरिकी बंदरांमधली प्रवासी वाहतूक अमेरिकन जहाजांनीच करावी, असा त्याचा दंडक. आजची बहुतेक मोठी पर्यटन जहाजे बहामा, पनामा अशा देशांत नोंदलेली. त्यांनी निदान एका परदेशी बंदराला पाय लावला, की कायदा समाधान पावतो. वाफेच्या बोटींच्या काळात देशी जहाजमालकांना दिलेले हे संरक्षण. त्याची किंमत आज पुण्याच्या पेन्शनरांनी मोजायची!

आणि सगळ्यांनी सारखी मोजायची असेही नाही. रांगेत आमच्यापुढच्या अमेरिकन आजीबाईंकडे पासपोर्टही नव्हता. जहाज निघाले त्याच बंदरात परतणार असेल, तर त्यांच्या नागरिकांना जन्मदाखला आणि सरकारी ओळखपत्र पुरते. २००९ पासूनच्या नियमांत ही सवलत आहे. आमच्या लेकीला ग्रीनकार्डामुळे कॅनडाचा व्हिसा माफ. भारतीय पासपोर्टवर फिरायला आलेल्या आईबापांना मात्र तो हवाच; शिवाय अमेरिकेचाही व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा हवा, कारण व्हिक्टोरियाहून परतणे म्हणजे नव्याने प्रवेश. तिकीट विकताना हे ठळकपणे सांगायला काय हरकत आहे? ती जबाबदारी प्रवाशाची, असे बारीक टायपात छापले की कंपनी मोकळी.

हा थांबा अटळ आहे म्हणावे, तर तसेही नाही. कोरोनाकाळात कॅनडाने आपली बंदरे पर्यटन जहाजांना बंद केली, तेव्हा मे २०२१ मध्ये अमेरिकन काँग्रेसने तात्पुरता कायदा करून जहाजांना व्हिक्टोरिया वगळू दिले. अलास्कातल्या दुकानदारांचा हंगाम बुडत होता ना! साथ ओसरली, बंदरे उघडली, आणि १८८६ साल पुन्हा लागू झाले.

जावयांनी यंदा पुन्हा तिकिटे काढायचे म्हटले आहे. मी आधी कॅनडाचा अर्ज भरायला घेतला.